उन्हाळ्याच्या तोंडावर: खोडवा सोडा, लिंबू धरा

मोहोळ तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून कामाचा भाग तेवढा देतो.

«दादा, सासऱ्यांनी लावलेली तीन एकर कागदी लिंबाची बाग आता मी बघते. हे पुण्याला नोकरीला असतात. साई शरबती जातीची ३२० झाडं, वीस बाय वीस फुटांवर, आठव्या वर्षात आहेत. जमीन मध्यम काळी, खाली चुनखडीचा मुरूम. पाणी बोअरचं, ५ हजार लिटरची टाकी दीड तासात भरते, आणि सलग चार तासांच्या वर मोटार चालत नाही. त्यातले दीड तास लिंबाला देते, झाडाला ४ लिटरचे दोन ड्रीपर बुंध्याशी आहेत, लागवडीपासून तिथेच. उरलेले अडीच तास एक एकर उसाला. ऊस गेल्या महिन्यात कारखान्याला गेला, तोडलेल्या बुडख्यांतून आता खोडवा फुटलाय. लिंबाची बारकी फळं गळून खाली सडा पडलाय. शेंड्याची पानं पिवळी, दुपारी पानं वळतात. वीस-पंचवीस झाडांच्या बुंध्यातून डिंक येतोय. दुकानदार म्हणतो युरिया द्या आणि टॉनिक मारा. शेजारचे काका म्हणतात आता पाणी तोडा, ताण द्या, मृगाच्या पावसावर फूल येईल असा मृग बहार धरा. दीर म्हणतो उन्हाळ्याआधी एकदा रोटर फिरवू. मी कुणाचं ऐकू? मे महिन्यात बोअर निम्म्यावर येतं, गेल्या वर्षी टँकर आणावा लागला होता.»

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुम्ही पाण्याचे आकडे दिलेत. बहुतेक पत्रांत फवारणीची नावं असतात आणि पाण्याबद्दल फक्त «पाणी व्यवस्थित देतो» एवढं एक वाक्य. तुमच्या आकड्यांवरूनच उत्तर निघतं. युरिया, टॉनिक, ताण, रोटर या चारांपैकी आत्ता एकही करू नका. झाडाला पाणी कमी पडतंय. आधी ते बघू.

दोन ड्रीपर, ताशी चार लिटरचे, दीड तास. म्हणजे झाडाला रोज १२ लिटर. आता झाडाची गरज काढू. आठ वर्षांच्या झाडाचा घेर आडवा मोजला तर चार मीटरच्या आसपास भरेल. म्हणजे सावलीचं क्षेत्र साधारण साडेबारा चौरस मीटर. आपल्याकडे मार्चअखेर हवा दिवसाला साधारण सहा मिलिमीटर पाणी ओढते, एप्रिल-मेमध्ये सात-साडेसात. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. कागदी लिंबाला यातलं अंदाजे सत्तर टक्के धरायचं. साडेबारा गुणिले सहा गुणिले ०.७, म्हणजे झाडाला रोज ५०-५२ लिटर. मेमध्ये हाच आकडा ६० ते ६५ वर जातो. तुमचा घेर साडेतीन मीटर भरला तर गरज चाळीसवर येईल. पण बारावर कुठल्याही हिशेबाने येत नाही. टेप घेऊन चार-पाच झाडं मोजा, तुमचा स्वतःचा आकडा काढा आणि मोटारीच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा.

बारकी फळं का गळतात, पानं दुपारी का वळतात, हे आता कळेल. लिंबूवर्गीय झाड कडक उन्हात पाणी अपुरं पडलं की पानांची रंध्रं मिटून घेतं आणि पानं फळातलं पाणी ओढतात. हे डोळ्यांनी नाही तरी बोटांनी कळतं. पहाटे एक तयार फळ झाडावरच हलकेच दाबून बघा, ते घट्ट लागेल. तेच फळ दुपारी दोनला दाबा, किंचित मऊ लागतं. संध्याकाळी पाणी मिळालं तर पहाटेपर्यंत ते पुन्हा भरतं. जी फळं पहाटेही मऊ लागतात, त्या झाडाची रात्रीची भरपाई होत नाही असं समजा. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. अशा झाडांना फित बांधून ठेवा, पुढे उपयोग होईल.

फळगळीबद्दल एक गोष्ट मात्र मनातून काढून टाका: सगळी गळ थांबवायची नसते. कागदी लिंबू जवळजवळ वर्षभर थोडंथोडं फुलत राहतं आणि फुलांतली फार थोडी शेवटपर्यंत टिकतात. आत्ता तुमच्या झाडावर दोन वयाची फळं असणार. हस्ताची, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला फुललेली, आता काढणीला आलेली. आणि आंबे बहाराची, जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, वाटाण्याएवढी. खाली पडतायत ती बहुतेक वाटाण्याएवढी असतील. त्यातली बरीच झाड स्वतःहून टाकतं, चांगलं पाणी असलेल्या बागेतही टाकतं. चिंता करायची ती सुपारीच्या वरचं फळ गळायला लागलं तर.

आता मुद्द्याचं. बोअरचं पाणी चार तासांत साधारण १३ हजार लिटर. ३२० झाडांना वाटलं तर प्रत्येकी चाळीस लिटर. म्हणजे आजच्या घडीला तुमचं सगळं पाणी लिंबाला दिलं तरी गरज पुरती भागत नाही, थोडी तूट राहतेच. आणि तुम्ही त्यातलं निम्म्याहून जास्त खोडव्याला देताय.

ताई, हे लिहिताना मला कल्पना आहे की उसाचा खोडवा मोडा म्हणणं आपल्या जिल्ह्यात जड जातं. कारखान्याचा पैसा उशिरा का होईना, ठरलेला असतो. लिंबाचा भाव आज आहे, उद्या नाही. तरीही माझं स्पष्ट मत आहे: हा खोडवा राखू नका. लागणीचा ऊस तुटून गेला, त्याचे पैसे आले किंवा येतील. मे महिन्यात बोअर निम्म्यावर येणार हे तुम्हीच सांगताय. त्या वेळी एक एकर खोडवा आणि तीन एकर लिंबू दोन्ही जगणार नाहीत, आणि त्यात जायचं ते लिंबू जाईल, कारण ऊस वाळताना लगेच दिसतो आणि माणूस तिकडे पाणी वळवतो. लिंबाचं झाड मात्र दोन महिने गुपचूप सोसतं. ऊस गेला तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. आठ वर्षांचं लिंबू गेलं तर ते परत उभं करायला तुमची पुढची पाच-सहा वर्षं जातील. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तिथल्या लोकांना पुढची कित्येक वर्षं त्या हिरव्या करण्यात घालवावी लागली.

उजनी धरणाचं आवर्तन, म्हणजे कॅनॉलचं पाळीचं पाणी, मिळणाऱ्या गावात असता तर वेगळं लिहिलं असतं. पत्रात कॅनॉलचा उल्लेख नाही, म्हणून नाही असंच धरतो.

खोडवा सोडल्याचा दुसरा फायदा त्याच रानात पडलाय: पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. पेटवून दिलं नसेल तर कृपा करून पेटवू नका. एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. ३२० झाडांना वाटलं तर झाडाला दहा-बारा किलो येतं. सगळ्या सावलीखाली अंथरायला ते पुरणार नाही, म्हणून जिथे ड्रीपरचं पाणी पडतं तेवढ्याच पट्ट्यावर चांगलं चार बोटं जाड टाका. उरलेल्या जागी जे मिळेल ते चालतं, तुरीचं भुसकट, सोयाबीनचा कुटार, वाळलेलं गवत. दोन पथ्यं पाळा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओल सालीला लागून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, वाढतो आणि वाळवीही चढते. आणि आगीचं भान ठेवा. उन्हाळ्यात पाचट टाकलेल्या बागेत एक बिडी पुरते. बांधाकडून आठ-दहा फुटांचा पट्टा साफ ठेवा आणि काढणीला येणाऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा.

माझा अनुभव असा की पाचटाखालची माती एप्रिलमध्ये हाताने उकरली तर एका गोष्टीची खात्री पटते. उघड्या मातीत वरचा वीतभर थर तापून भुसा झालेला असतो, तिथे एकही जिवंत मुळी दिसत नाही. पाचटाखाली मात्र मातीच्या अगदी वरच्या थरात पांढऱ्या टोकाच्या, दोऱ्याएवढ्या मुळ्या सापडतात. लिंबाची खाणारी मुळं मुळातच वर असतात, बहुतेक पहिल्या दीड फुटात. हाच थर उन्हाने भाजला की झाडाचं तोंडच बंद होतं, मग खाली कितीही पाणी सोडा.

म्हणूनच रोटर नको. दिराला सांगा, जून येऊ दे, पण आत्ता नाही. रोटर फिरवला की तीच वरची मुळं तुटतात आणि मोकळी झालेली माती उरलीसुरली ओलही सोडते. गवत असेल तर विळ्याने कापून तिथेच टाका.

ड्रीपर बुंध्याशी आहेत, ही या बागेतली दुसरी मोठी अडचण. लहान रोपाला ते ठीक होतं. आज झाडाची मुळं बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर, सावलीच्या कडेला पसरलेली आहेत आणि पाणी मात्र खोडाला भिजवतंय. डिंक्या याच कारणाने आलाय. पण इथे घाई करू नका. बरेच जण हे वाचून दुसऱ्या दिवशी नळी उचलून कडेला ठेवतात, आणि आठवड्यात झाडाची पानं उतरतात. आठ वर्षं एका जागी पाणी मिळालं, तिथे मुळांचा झुबका झालाय. तो भर उन्हात एकदम कोरडा पाडला तर झाडाला धक्का बसतो. ओळीच्या दुसऱ्या बाजूने नवी लॅटरल (ड्रीपरची नळी) टाका, बुंध्यापासून सव्वा मीटरवर येईल अशी, आणि तिच्यावर झाडाला तीन ड्रीपर लावा. जुनी नळी लगेच दीड-दोन फूट बाहेर सरकवा, म्हणजे बुंधा कोरडा राहील आणि जुना झुबका भिजत राहील. दोन-तीन आठवड्यांनी तीही कडेला न्या. डिंक आलेल्या झाडांपाशी मात्र हे काम आजच्या आज.

चार लिटरचे पाच ड्रीपर झाले की तासाला वीस लिटर. चाळीस लिटर द्यायला दोन तास. तुमची मोटार एका वेळी सगळी बाग ओढणार नाही, बोअरची ताशी क्षमता ३,३०० लिटर आणि ३२० झाडांना लागणार ६ हजारांच्या वर. म्हणून बागेचे दोन भाग करा, मध्ये व्हॉल्व्ह बसवा. रोज एक भाग, एक दिवसाआड ८० लिटर, असंही चालेल. मध्यम काळ्या जमिनीत ते उलट बरं, ओल थोडी खोल जाते. थ्री-फेज लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात रात्रीच पाणी द्या. दिवसपाळी असेल तर लाईट आल्याबरोबर, ऊन चढायच्या आत.

आणि हे सगळं करण्याआधी एक साधी तपासणी. पाच-सहा ठिकाणच्या ड्रीपरखाली तांब्या ठेवा आणि पंधरा मिनिटांनी मोजा, लिटरभर भरायला हवा. चुनखडीच्या रानातलं बोअरचं पाणी ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतं. आठ वर्षांच्या नळ्या आहेत, कित्येक ड्रीपर चार लिटरच्या जागी दीड-दोनच देत असतील. तसं असेल तर झाडाला बारा लिटरही मिळत नव्हते.

पाणी वाढवताना एकदम पाट सोडल्यासारखं वाढवू नका. कोरड्या पडलेल्या झाडाला अचानक भरपूर पाणी मिळालं की तयार फळं तडकतात आणि फळगळ आणखी वाढते. बारावरून वीस, वीसवरून तीस, मग चाळीस, असं दहा-बारा दिवसांत न्या. फूटभर खोल मातीची मूठ वळून बघत जा. लाडू वळला आणि बोटाने दाबल्यावर फुटला तर ओल बरोबर. वळलाच नाही तर कमी. हाताला चिखल लागला तर जास्त.

फळाचं काय करायचं? तयार झालेलं फळ झाडावर ठेवून भावाची वाट बघू नका. मार्च ते मे हा लिंबाला वर्षातला सगळ्यात चांगला भाव असतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर शहरात किलोला २०० रुपयांच्या वर गेला होता. तेव्हापासून प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात तो भाव बसलाय. पण तो भाव कशाने आला तेही आठवा. आधीच्या पावसाळ्याअखेर अवकाळीने फूल कमी लागलं आणि मार्चच्या उष्णतेने होतं ते गळालं. ज्यांच्या झाडावर माल होता त्यांचंच भलं झालं. फळाचा गर्द हिरवा रंग उतरून फिकट झाला, साल पातळ आणि गुळगुळीत लागली की काढा. दर चार-पाच दिवसांनी फेरी घ्या, सकाळी काढा, ओढून तोडू नका. सोलापूरच्या यार्डात पाठवा नाहीतर पुण्याच्या गुलटेकडीला, पण झाड मोकळं करा. पाणी कमी असताना झाडावर टांगलेलं प्रत्येक तयार फळ हे पानांवरचं आणि बारक्या फळांवरचं ओझं आहे.

शेजारच्या काकांचा सल्ला दुसऱ्या बागेत, दुसऱ्या वर्षी बरोबर असू शकतो. मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये ताण देतात हे खरं. पण ताण हा धडधाकट, पोट भरलेल्या, झाडावर फळ नसलेल्या बागेला द्यायचा असतो. तुमची झाडं महिनोनमहिने १२ लिटरवर आहेत, त्यांना ताण बसलेलाच आहे, आणि वर फळं लटकतायत. आता पाणी तोडलं तर तयार माल चामट होईल, आंबे बहाराचं फळ सगळं खाली येईल आणि फांद्या शेंड्याकडून वाळायला लागतील. शिवाय मृगाचं फळ बाजारात येतं तेव्हा भावही मध्यम असतो. तुमच्या मध्यम जमिनीत पुढे हस्त बहाराचा विचार करा, त्याचा ताण ऑगस्ट-सप्टेंबरात पडतो. परतीचा पाऊस कधी साथ देतो, कधी नाही. त्यावर जुलैमध्ये पुन्हा लिहा, तेव्हा सविस्तर बोलू.

दुकानदाराच्या युरियाबद्दल. तहानलेल्या झाडाला युरिया दिला की मुळाशी क्षार वाढतात आणि झाड होती नव्हती ती ताकद लावून कोवळी फूट काढतं. त्या फुटीला आणखी पाणी लागतं, आणि तिच्यावर पानं पोखरणारी अळी आणि सायला ही रस शोषणारी कीड, दोन्ही येतात. खताचा हप्ता पाऊस पडल्यावर द्या, तेव्हा शेणखत आणि निंबोळी पेंडही द्या. टॉनिकच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही. पण पाण्याची तूट बाटलीने भरून निघत नाही, एवढं नक्की. ते पैसे लॅटरलसाठी ठेवा.

शेंड्याची पानं पिवळी असं तुम्ही लिहिलंय, तर एक पान तोडून उजेडात धरा. कोवळं पान पिवळं आणि शिरांची बारीक जाळी हिरवी असेल तर लोह कमी आहे. पान लहान, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे असतील तर जस्त. चुनखडीच्या जमिनीत ही दोन्ही असतात पण झाडाला उचलता येत नाहीत, म्हणून जमिनीतून टाकून फारसा उपयोग होत नाही. फवारणी करा: दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि ५० ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात २५ ग्रॅम विरघळवलेल्या चुन्याची निवळी, संध्याकाळी. कोवळ्या पानांवरच त्याचा गुण येतो. पारा चाळिशीला टेकायच्या आत ही एक फवारणी उरकून घ्या, त्यानंतर करू नका, पानं करपतात. आधी दोन-चार झाडांवर मारून दोन दिवस बघा आणि मगच सगळीकडे. तुमच्या बागेतली पिवळी पानं मात्र पाण्याने निम्मी तरी सुधारतील असं मला वाटतं. मुळी जिवंत असेल तरच ती लोह उचलेल.

सुपारीएवढी फळं गळायला लागली तरच संजीवकाकडे (झाडाची वाढ बदलणाऱ्या औषधाकडे) वळा. १०० लिटर पाण्याला दीड ग्रॅम जिबरेलिक ॲसिड, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून, आणि सोबत एक किलो पोटॅशियम नायट्रेट. काहीजण याच कामाला टू-फोर-डी हे तणनाशक वापरतात. तुमच्या भागात द्राक्षं आहेत, म्हणून माझा त्याला सक्त विरोध आहे. त्याचा वाऱ्यावर आलेला अंशसुद्धा द्राक्षाचा शेंडा वाकडा करतो, आणि मग शेजाऱ्याशी आयुष्यभराचं वैर.

डिंक्याचं काम शांतपणे, एका माणसाला सोबत घेऊन करा. धारदार चाकूने डिंक आलेल्या जागची साल खरवडा. खाली तपकिरी, कुजकट वासाची साल दिसेल. ती निघून चांगली हिरवट-पांढरी साल लागेपर्यंत काढा, खाली लाकूड कापू नका. खरवडलेली साल गोळा करून जाळा. चाकू प्रत्येक झाडानंतर पुसून निर्जंतुक करा. मग बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना वेगळ्या पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. लोखंडाचं भांडं चालत नाही. मोरचूद विरघळायला वेळ लागतो, रात्रीच फडक्यात बांधून पाण्यात टांगून ठेवा. सकाळी दोन्ही एकत्र ओतून ढवळा. लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी निवळी घाला. पातं स्वच्छ राहिलं की मलम तयार. त्याच दिवशी वापरून संपवा. फक्त जखमेवर नाही, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत सगळ्या ३२० झाडांच्या खोडाला लावा. डिंक्याला आळा बसतो आणि वर नैऋत्येच्या उन्हाने साल भाजायची थांबते. पहिला पाऊस झाला की रोगट झाडांना फोसेटिल ॲल्युमिनियम हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात बुंध्याभोवती ओतावं लागेल. ते आत्ता नको, कोरड्या उन्हात ही बुरशी फार हलत नाही.

फवारण्यांत आणखी एकच सांगतो. रस्त्याकडेच्या ओळींत फळावर खरखरीत, राखाडी डाग दिसले तर तो कोळी आहे. धुळीच्या झाडांवर तो आधी येतो. साध्या पाण्याने झाडं धुतली तरी फरक पडतो. गंधक मारायचं असेल तर पारा पस्तिशीच्या आत असताना, भल्या सकाळी. नाहीतर कोळ्याआधी पान जळेल. अवकाळी गारपीट झाली, आणि पाडव्याच्या आगेमागे आपल्याकडे ती होते, तर जखमा कोरड्या व्हायच्या आत कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला तीन ग्रॅम. खैऱ्या हा जिवाणूचा रोग त्या जखमांतूनच आत शिरतो.

आता मे महिना. बोअर निम्म्यावर आलं तर तुमच्याकडे साडेसहा हजार लिटर राहतील, म्हणजे झाडाला वीस. तेव्हा सगळ्यांना सारखं वाटत बसू नका. आज फित बांधलेली, पहाटेही मऊ फळं देणारी, डिंक लागलेली झाडं वेगळी धरा. त्यांच्यावरची सगळी फळं एप्रिलअखेर उतरवा, लहानसुद्धा. सल (वाळक्या फांद्या) आणि पाणसोट (फळ न देणारे सरळ फुटवे) काढा, वरचा घेर हलका करा, कापलेल्या जागी मलम लावा, आणि त्यांना जगण्यापुरते बारा-पंधरा लिटर द्या. उघड्या पडलेल्या फांद्यांना चुना मारायला विसरू नका. फळं काढून झालेल्या या झाडांवर केओलीन, म्हणजे बारीक पांढरी माती, मारलं तरी चालेल, दहा लिटरला ८०० ग्रॅम. पानावर पांढरा थर बसतो आणि ऊन परततं. विक्रीच्या फळांवर ते नको. उरलेलं पाणी निरोगी झाडांना. नांगे भरलेली, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी लावलेली, लहान रोपं असतील तर त्यांना दक्षिण-पश्चिमेकडून तुराट्यांचा नाहीतर कडब्याचा आडोसा करा आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर एक मडकं पुरा. रोपाला तेवढं भागतं.

टँकर आणायचाच झाला तर आकडा डोळ्यांसमोर ठेवा: दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे तुमच्या बागेला झाडामागे ३१ लिटर. मेमधली अर्ध्या दिवसाची गरज. सगळ्या बागेत ओतला तर दुसऱ्या दिवशी काहीच दिसणार नाही. शंभर निवडक झाडांना दिला तर त्यांना शंभर लिटर मिळतील आणि पाचटाखाली ते दीड-दोन दिवस पुरतील. टँकरचे पैसे फक्त ज्या झाडावर विकण्याजोगा माल आहे त्याच्यावर घाला.

शेवटचं काम या आठवड्यातलं. बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासायला द्या, सोबत फूटभर खोलीवरची माती. मोटार पंधरा-वीस मिनिटं चालू दिल्यावरच बाटली भरा. लिंबाला खारट पाणी सोसत नाही. आणि खोल गेलेल्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात आणखी खारट होतं. पानांची टोकं करपलेली आहेत का तेही बघून ठेवा. अहवालात ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) आणि बायकार्बोनेट असे दोन आकडे असतील, तेवढे मला कळवा. नळ्या साफ करायला ॲसिड किती सोडायचं आणि क्षार खाली घालवायला जादा पाणी द्यावं लागेल का, ते त्यावरून सांगता येईल.